आधी चेन सैल करा

प्रश्न : मी २८ वर्षांचा असून गेली ४ वर्षे १२५ सीसीची मोटारसायकल रोज वापरतो. आजवर तिचे सगळे काम मेकॅनिककडेच होत असे. दोन महिन्यांपूर्वी ठरवले की आपली गाडी आपणच सांभाळायला शिकायचे. व्हिडिओ पाहून इंजिन ऑइल बदलले. पण गळायला नको म्हणून खालचा बोल्ट अजून थोडा आवळला, तर तो एकाएकी सैल पडून गोल फिरू लागला. गाडी ढकलत मेकॅनिककडे न्यावी लागली. त्याने नवे आटे बसवून दिले. पुढे चेनचा आवाज येऊ लागला, तेव्हा ती ताठ होईपर्यंत घट्ट केली आणि आवाज गेला, एवढे एक काम मात्र जमले. आता कुठल्याही बोल्टला पाना लावताना हात कचरतो. घरचे म्हणतात, ज्याचे काम त्यानेच करावे. मला तर पुढे इंजिन खोलण्यापर्यंत शिकायचे आहे. माझ्या हाताला हे जमेल का? सुरुवात कशाने करू, कोणती हत्यारे घेऊ आणि कोणत्या कामांना हात लावू नये?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या सगळ्या प्रश्नांकडे येतो, पण त्याआधी एक विनंती आहे. ताठ होईपर्यंत घट्ट केलेली ती चेन, गाडी पुन्हा रस्त्यावर काढण्यापूर्वी, सैल करा. जे एक काम जमले म्हणून तुम्ही सांगता, तेच मला पत्रातले सर्वांत काळजीचे वाटले. बोल्टची चूक तुम्हाला त्याच क्षणी कळली. चेनची चूक कळत नाही, उलट आवाज थांबल्यामुळे काम बरोबर झाले असेच वाटत राहते.

चेनला ढिलाई का ठेवतात, हे एकदा नीट समजून घ्या. मागचे चाक ज्या हलत्या दांडीवर म्हणजे स्विंगआर्मवर बसलेले असते, तो खड्ड्यात किंवा दोघे बसल्यावर वर-खाली होतो. इंजिनाकडचे लहान स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र), स्विंगआर्मची खीळ आणि चाकाचा मधला दांडा म्हणजे अ‍ॅक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की दोन्ही स्प्रॉकेटांमधले अंतर सर्वांत जास्त होते आणि चेन ताणली जाते. गाडी रिकामी उभी असताना चाक या रेषेच्या खाली लोंबत असते, म्हणून त्या वेळी चेन सैल दिसलीच पाहिजे. ती ढिलाई पुढच्या हालचालीसाठी राखून ठेवलेली असते. उभ्या गाडीतच चेन ताठ असेल, तर तुम्ही बसल्यावर आणि खड्ड्यात चाक उचलल्यावर तिला ताणायला जागाच उरत नाही. मग तो ताण गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टवरील बेअरिंगवर आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर येतो, चेन आणि स्प्रॉकेट लवकर झिजतात, आणि फार ताणलेली चेन चालत्या गाडीत तुटून मागचे चाक अडकवू शकते.

आता प्रत्यक्ष काम. गाडी मेन स्टँडवर लावा, किल्ली काढून खिशात ठेवा आणि गिअर न्यूट्रलमध्ये आणा. चाक हाताने सावकाश फिरवत चेनच्या खालच्या बाजूचा मधला भाग बोटाने वर-खाली ढकलून पाहा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एखाद्या ठिकाणी ती बाकीच्यापेक्षा ताठ लागते, आणि माप त्याच ठिकाणी घ्यायचे असते. बऱ्याच लहान गाड्यांत ही वर-खाली हालचाल साधारण २० ते ३० मि.मी. असावी लागते, पण तुमच्या गाडीचा आकडा तिच्या माहितीपुस्तिकेत किंवा स्विंगआर्मवरच्या चिकटपट्टीवर दिलेला असतो आणि तोच धरायचा. माप मेन स्टँडवर घ्यायचे की साइड स्टँडवर, हेही तिथेच पाहा. चेनवर पूर्ण झाकण असेल तर त्यातले रबरी बूच काढून हे माप घेता येते.

अ‍ॅक्सलचा नट सैल करा, मग दोन्ही बाजूंचे, चाक मागे-पुढे सरकवायचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको. तुम्हाला चेन सैल करायची असल्याने इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. अ‍ॅडजस्टर मागे घेतले म्हणून चाक आपोआप पुढे येत नाही, ते टायरला तळव्याने रेटून पुढे सरकवावे लागते. दोन्ही बाजूंच्या खुणा जुळल्या का ते पाहा, मागून ओणवे होऊन चेन सरळ रेषेत धावते का ते पाहा, नट पूर्ण आवळा आणि त्यानंतर माप पुन्हा घ्या, कारण नट आवळताना माप थोडे बदलते. मागचा ब्रेक ड्रमचा असेल तर चाक पुढे सरकल्यामुळे ब्रेकच्या दांडीला ढिलाई येते आणि पेडल पूर्वीपेक्षा खोल जाते. तेव्हा दांडीच्या टोकाचा नट फिरवून पेडलची चाल पुस्तिकेप्रमाणे करून घ्या आणि चाक मोकळे फिरते याची खात्री करा. हे शेवटचे पाऊल विसरून गाडी रस्त्यावर नेऊ नका.

मूळ आवाज बहुधा कोरड्या किंवा झिजलेल्या चेनचा होता. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी बाहेर ओढून पाहा. अर्धा दात उघडा दिसत असेल, किंवा दात आकड्यासारखे एका बाजूला वळलेले असतील, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलायची वेळ आली आहे. तसे नसेल तर चेन स्वच्छ करून वंगण द्या. कड्यांमध्ये रबरी रिंग असलेल्या चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश लावू नये, रॉकेल आणि मऊ ब्रश पुरतो. वंगण गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना, आतल्या बाजूने द्यावे आणि वरचे जास्तीचे फडक्याने पुसून घ्यावे. हे सगळे करताना चाक हातानेच फिरवा. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडके लावण्याची सवय अनेकांना असते. फडके ओढले जाते आणि त्याबरोबर बोटे स्प्रॉकेटमध्ये जातात. माझे हे एक वाक्य तुम्ही आयुष्यभर पाळलेत, तर या उत्तराचे चीज झाले असे मी मानीन.

आता तुमच्या हाताबद्दल. तुमच्या हातात काहीही कमी नाही. त्याला आवळणे कोणी शिकवले नव्हते आणि ते व्हिडिओतून शिकता येत नाही, कारण पडद्यावर हात दिसतो, हाताचा जोर दिसत नाही. बोल्ट आवळतो म्हणजे आपण त्याला स्प्रिंगसारखा किंचित ताणतो, आणि त्या ताणामुळेच तो जागचा सुटत नाही. ताणाची मर्यादा ओलांडली की दोन धातूंपैकी मऊ असतो त्याचे आटे कापले जातात. तुमचा बोल्ट पोलादी होता आणि इंजिनाचा तळ अ‍ॅल्युमिनियमचा, म्हणून आटे तळाचे गेले. एकाएकी सैल पडल्याची जी जाणीव तुम्हाला झाली, ती आटे सुटण्याचीच होती. मेकॅनिकने नवे आटे बसवून दिले, म्हणजे नुकसान भरून निघाले. तिथे खंत धरून बसू नका.

जोराचा अंदाज येण्यासाठी एक हिशेब देतो. गाडीवर जागोजागी दिसणारा, १० नंबरचा पाना लागणारा ६ मि.मी. जाडीचा बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरने आवळतात. म्हणजे पाना बोल्टच्या मध्यापासून १० सें.मी. अंतरावर धरला, तर तिथे सुमारे १० किलो वजनाइतका जोर पुरतो. हाच पाना २० सें.मी. अंतरावर धरला की निम्म्या जोरात तेच काम होते, आणि हात मात्र सवयीने पूर्वीइतकाच जोर लावतो. लहान बोल्टचे आटे बहुतेक वेळा असेच जातात. म्हणून लहान बोल्टला पाना डोक्याजवळ धरा आणि पान्याला पाइप जोडून लांबी वाढवू नका. एक टॉर्क पाना आणि निकामी भागांतले चार-पाच नट-बोल्ट घेऊन टेबलावर सराव करा. ठरलेला जोर आला की पाना जो खटका देतो, तो मनगटाला ओळखीचा होईपर्यंत करा. पंधरा दिवसांत हात बसतो.

बोल्ट लावतानाची एक गोष्ट मात्र प्रत्येक वेळी करायची. सुरुवात पान्याने करायची नाही, बोटांनी करायची, आणि तीही उलट्या दिशेने. बोल्ट भोकावर टेकवून हलकेच उलटा फिरवा. आट्याचे टोक आट्याच्या तोंडाशी आले की बोल्ट किंचित खाली बसल्याची जाणीव होते. तिथून सुलटा फिरवलात तर तो लोण्यात सुरी जावी तसा आत जातो. दोन-तीन फेऱ्यांतच अडला तर तो वाकडा लागला आहे, तेव्हा काढा आणि पुन्हा लावा. स्पार्क प्लगला तर हे फारच जपावे, कारण तिथले आटे सिलिंडर हेडमध्ये असतात. प्लग काढायचा तो इंजिन थंड असताना, आणि आधी त्याच्या भोवतीची धूळ फुंकून, म्हणजे ती आत पडत नाही. बोटांनी टेकेपर्यंत फिरवल्यावर नव्या प्लगला वॉशर दाबला जाण्यासाठी साधारण अर्धा फेरा द्यावा लागतो, वापरलेल्याला मात्र त्याहून बराच कमी.

पहिला महिना मात्र काहीही खोलू नका, असे मी सुचवीन. तुमच्या उत्साहाला हे रुचणार नाही, पण गाडी बरी असताना कशी असते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ती बिघडल्याचे कळणार कसे? रोज गाडी काढण्यापूर्वी पाच मिनिटे द्या. टायर थंड असताना हवा मोजा. ऑइलची पातळी गाडी सरळ उभी करून पाहा. अनेक गाड्यांत पातळी मोजायची काडी आट्यांत न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते, आणि ती फिरवली तर चुकीची पातळी दिसते. तुमच्या गाडीत कोणती पद्धत आहे ते पुस्तिका सांगेल. क्लचचा दांडा टोकाशी किती मोकळा हलतो ते पाहा; बहुतेक गाड्यांत तो १० ते २० मि.मी. असतो. दोन्ही ब्रेक दाबून मागचा दिवा लागतो का ते पाहा. इंजिन थंड असताना आणि तापल्यावर, गिअरमध्ये आणि न्यूट्रलमध्ये, आवाज ऐका. एक वही ठेवा आणि तिच्यात तारीख, किलोमीटर आणि जे मोजले ते लिहा. तीन आठवड्यांनी पान उलटून पाहिलेत की मागच्या टायरची हवा दर वेळी दुसऱ्यापेक्षा लवकर उतरते, अशा गोष्टी तुम्हाला आपसूक दिसू लागतील. हेही दुरुस्तीचेच काम आहे, आणि माझ्या मते त्यातला मोठा भाग आहे.

दुसऱ्या महिन्यापासून चेन, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलची चाल, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, बॅटरी आणि ऑइल ही कामे एकेक करून हातात घ्या. एअर फिल्टर कागदाचा आहे की स्पंजचा हे आधी पाहा, कारण स्पंज धुऊन ऑइल लावून परत बसवतात, तर तेलकट कागदाचा फिल्टर साफ करायचा नसतो, थेट बदलायचा असतो. प्लगचा रंग बरेच काही बोलतो. फिकट तपकिरी टोक म्हणजे ज्वलन ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, आणि हवा कमी पडायला चोंदलेला फिल्टरही पुरतो. ओलसर तेलकट काळे टोक म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरेफटक टोक म्हणजे इंजिन जास्त तापते आहे. बॅटरी काढताना ऋण टोक आधी सोडा आणि जोडताना शेवटी जोडा. १२ व्होल्टची चांगली, पूर्ण भरलेली बॅटरी काही तास विश्रांतीनंतर सुमारे १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. इंजिन वेग घेते तेव्हा तो आकडा १४ च्या आसपास गेला नाही, तर दोष बॅटरीत नसून चार्जिंगमध्ये शोधायचा. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा लावा, तार गुंडाळून किंवा मोठा फ्यूज लावून वेळ मारून नेऊ नका. ऑइल घेताना डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हे मोटारसायकलच्या ऑइलचे मानक लिहिलेले पाहा, कारण मोटारसायकलचा क्लच बहुधा त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि घर्षण कमी करणाऱ्या घटकांचे कारसाठीचे ऑइल टाकले तर तो घसरू लागतो.

बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला. गाडी मिसिंग मारते म्हणून प्लग, फिल्टर आणि पेट्रोल तिन्ही एकाच दिवशी बदलले आणि ती सुरळीत झाली, तर गाडी दुरुस्त झाली, पण तुम्ही काहीच शिकला नाहीत.

हत्यारे थोडी घ्या, पण चांगली घ्या. ८ ते १७ नंबरपर्यंतचे रिंग आणि फिक्स पाने, ८, १० आणि १२ चे टी-पाने, अ‍ॅलन कीचा संच, तुमच्या प्लगच्या मापाचा पाना, हवा मोजायचे गेज, मल्टिमीटर आणि वर सांगितलेला टॉर्क पाना एवढ्यात पहिले वर्ष निघते. अ‍ॅक्सलच्या नटाचे माप वेगळे असते, ते पाहून घ्या. शक्य तिथे रिंग पाना वापरा, कारण फिक्स पाना दोनच बाजूंनी पकडतो आणि घट्ट नटाची टोके गोल करतो. अधिकच्या आकाराच्या खाचेच्या ज्या पेचांवर एक लहानसा ठिपका दिसतो, ते जपानी मापाचे असतात. त्यांना नेहमीचा स्क्रू ड्रायव्हर नीट बसत नाही आणि खाच खरवडली जाते.

मर्यादा विचारलीत हे मला फार आवडले. हायड्रॉलिक ब्रेक, पुढचे फोर्क, स्टीअरिंगचे बेअरिंग, चाकाच्या तारा आणि एबीएसची यंत्रणा यांना पहिले वर्षभर एकट्याने हात लावू नका. डिस्क ब्रेकचे पॅड बदलणे अवघड नाही, तरीही ते पहिल्यांदा जाणत्या माणसाच्या नजरेखालीच करा. पॅड बसवल्यावर ब्रेकचा दांडा घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबावा लागतो. हे राहिले तर पहिल्या वळणावर ब्रेक लागतच नाही. ब्रेक फ्लुइड हवेतले पाणी शोषून घेते. डॉट ४ फ्लुइड नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, ओलावा शोषलेल्यासाठी तोच १५५ अंशांवर येतो, आणि ते दर २ वर्षांनी बदलायला सांगतात ते यासाठीच. ड्रम उघडलात तर आतली भुकटी तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या. ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये (आतल्या घासणाऱ्या पट्टीत) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो.

मी स्वतः पहिल्यांदा मागचे चाक एकट्याने काढले, तेव्हा अ‍ॅक्सलवरचे एक बूश परत लावायचे राहिले होते. नट आवळला गेला, चाक फिरलेही. थोडे अंतर जाऊन थांबलो आणि सहज हबला हात लावला, तर चटका बसला. तेव्हापासून मी जमिनीवर पांढरे फडके अंथरतो आणि जो भाग ज्या क्रमाने निघेल त्या क्रमाने, ज्या बाजूने निघेल त्याच बाजूने, डावीकडून उजवीकडे मांडत जातो. परत लावताना उजवीकडून उचलत यायचे. फडके रिकामे झाले की काम झाले. तुम्ही फोनवर छायाचित्रेही काढा, पण फडके सोडू नका.

घरच्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. तुम्ही अडचणीत आलात हे त्यांनी पाहिले आहे. त्यांना समजावण्यापेक्षा त्याच मेकॅनिककडे पुन्हा जा. ज्याने आटे बसवून दिले, त्याच्याकडे काम कमी असते अशा वेळी विचारून शेजारी उभे राहा आणि त्याच्या हाताकडे पाहा, विशेषतः तो आवळायचे कुठे थांबवतो तिकडे. झिजलेले ब्रेक लायनर, दात गेलेले स्प्रॉकेट मागून घ्या आणि नव्याशेजारी ठेवून बोटांनी चाचपा. बहुतेक कारागीर मनापासून विचारणाऱ्याला सांगतात.

इंजिन खोलायची तुमची इच्छा जपून ठेवा. त्याची वाट टॅपेटपासून, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट मोजण्यापासून सुरू होते, असे मला वाटते. थंड इंजिनात, पिस्टन वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, फीलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांच्या मापकाची, पाती फटीत सरकवून पाहायची. अनेक लहान इंजिनांत ही फट ०.०५ ते ०.१० मि.मी. असते, आणि पाती ओढताना लागणारी हलकी घसट ओळखणे हाच त्यातला खरा धडा आहे. पूर्ण खोलण्यासाठी भंगारातले एखादे बंद पडलेले इंजिन मिळवा आणि टेबलावर खोला. रोजच्या गाडीवर तो प्रयोग नको.

ऑइल बदलायची वेळ पुन्हा येईल, तेव्हा तो बोल्ट तुम्हीच आवळा. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून ऑइल पातळ होऊ द्या, मग बंद करून काढा. जुने ऑइल डब्यात साठवून ते गोळा करणाऱ्याकडे द्या, गटारात नको. नवा वॉशर लावा, बोल्ट बोटांनी टेकेपर्यंत फिरवा आणि टॉर्क पाना पुस्तिकेतल्या आकड्यावर लावून पहिल्या खटक्याला थांबा. आटे दुरुस्त केलेले आहेत, म्हणून तो आकडा आधी मेकॅनिकला दाखवून घ्या. मोजून नवे ऑइल भरा, इंजिन दोन मिनिटे चालवा, बोल्टभोवतीचा भाग पुसून कोरडा करा आणि रात्री गाडीखाली एक पांढरा कागद ठेवा. सकाळी तो कोरडा असेल, तर वहीत तारीख आणि किलोमीटर लिहा आणि गाडी काढा.